मधले शब्द

चौथीपर्यंत मी मराठी शाळेत होते. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावची सरकारी प्राथमिक शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि मागे फणसाचं झाड. घरात आम्ही कोंकणी बोलायचो, लिहिणं-वाचणं मराठीत. पाढे मराठीत, आरत्या मराठीत, जत्रेतलं नाटक मराठीत. गोव्यातल्या कितीतरी घरांसारखंच आमचं घर. पाचवीला हायस्कूल आलं आणि हायस्कूल म्हणजे इंग्रजी. एप्रिलमध्ये मी वर्गातली हुशार मुलगी होते, जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्गातली गप्प मुलगी झाले. मधल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्यात काहीच बदललं नव्हतं. करवंदं खाल्ली होती, आंब्याची साठं वाळत घातली होती, इतकंच.

हे १९८५ साल. त्या वर्षी शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. इंग्रजीच्या बाईंनी माझं नाव काढलं आणि मी मान हलवली नाही तेव्हा विचारलं, का नाही भाग घेत? मला सांगायचं खूप होतं. भाग घ्यायचाय, उतारा पाठसुद्धा केलाय, पण उभं राहायचं म्हटलं की पाय मागे ओढतात. मनाचा एक भाग हो म्हणतो आणि दुसरा त्याला खाली बसवतो. हे मराठीत मी घडाघडा सांगितलं असतं. इंग्रजीत माझ्याकडे तेव्हा दोनच खण होते, ‘लाइक’ आणि ‘डोन्ट लाइक’. मी त्यातला एक उघडला. “आय डोन्ट लाइक, टीचर.”

बाईंनी नावावर रेघ मारली. वर्षअखेरीच्या प्रगतिपुस्तकात शेरा आला, ‘शोज नो इंटरेस्ट’. बाबांनी तो शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून वाचून घेतला आणि मला काहीच बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत हेच मला फार लागलं.

पंचवीसहून जास्त वर्षं मी डिचोलीत आठवी ते बारावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. मराठी शाळेतून आलेली पोरं माझ्याकडे जास्त येतात आणि त्या सगळ्यांत मला ती पाचवीतली मुलगी दिसते. त्यांची अडचण व्याकरणात आहे असं पालकांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. अडचण आहे ती मधल्या शब्दांची.

मधले शब्द म्हणजे काय ते सांगते. एका टोकाला पाणी, पुस्तक, ये, जा, दे, घे असले शब्द. ते कुणालाही येतात. दुसऱ्या टोकाला नुसते मिरवायचे भारी शब्द. ते आले नाहीत तरी कुणाचं अडत नाही. या दोहोंच्या मध्ये हेझिटेट, रिलाय, अव्हॉइड, अफोर्ड, रिग्रेट, डिझर्व्ह, नेग्लेक्ट, ग्रेटफुल, रिलक्टंट हे शब्द राहतात. पाणी मागायला पहिले शब्द पुरतात, पण मनातलं सांगायला हेच लागतात. नेमके हे नसले की कचरणारं मूल आळशी ठरतं, संकोचणारं उर्मट ठरतं आणि विचार करणारं मठ्ठ. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

बी.एड.च्या वेळी याचा हिशेब माझ्या वाचनात आला. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतल्या सुमारे २ हजार नित्याच्या शब्दांची यादी छापली. तेवढे शब्द आले की साध्या मजकुरातले पाचातले जवळजवळ चार शब्द ओळखीचे निघतात. ऐकायला किती छान वाटतं! पण पाचवा शब्द अनोळखी असेल तर अर्थाची वाट तिथेच बंद होते, कारण वाक्याचं ओझं बहुतेक वेळा त्या पाचव्यावरच असतं. वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोशाविना सुखाने वाचायची तर ८ ते ९ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ) लागतात, असं पॉल नेशन या अभ्यासकाने २००६ साली दाखवलं. म्हणजे २ हजारांपासून तिथपर्यंतचा सगळा चढ मधल्या शब्दांचा. आणि आपली मुलं नेमकी त्या चढाच्या पायथ्याशी बसून राहतात.

माझा तो चढ आजोबांमुळे सोपा झाला, आणि आजोबांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

त्यांनी पोर्तुगीज अमदानीत सेगुंद ग्राव, म्हणजे तेव्हाच्या प्राथमिक शिक्षणाची दुसरी पायरी, केलं होतं. मराठी ते शेणवीमामांकडे, ओसरीवरच्या खासगी शाळेत शिकले. पणजीला एका व्यापाऱ्याकडे पत्रव्यवहार आणि हिशेब पाहायचे, अक्षर मोत्यासारखं. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा त्यांनी सबंध वाड्यावर साखर वाटली, आणि त्या आनंदाला पुढे कधी उणेपणा आला नाही. पण दोन-तीन वर्षांत पत्रव्यवहार इंग्रजीत गेला आणि चाळिशीच्या माणसाचं शिक्षण त्याच्या हातातल्या हातात जुनं झालं. त्याच काळात एकदा ते पणजीतल्या एका बँकेत गेले. काचेचं दार उघडेना. आतून शिपाई हात दाखवत सांगत होता, “पुश, पुश.” पोर्तुगीजमध्ये ‘पुश’ म्हणजे ओढ. आजोबा ओढत राहिले. शिपायाचा आवाज चढला, तसे ते आणखी जोराने ओढू लागले. शेवटी मागच्या माणसाने हात पुढे करून दार ढकललं. हे त्यांनी मला मी सहावीत असताना सांगितलं, अगदी शांतपणे, आणि वर म्हणाले, “बाय, मी चुकलो नव्हतो गो. मी बरोबर तेच करत होतो जे तो सांगत होता.”

पणजी सोडून ते गावी आले आणि कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, बघू लागले. माझं पाचवीचं इंग्रजी पुस्तक त्यांनी हातात घेतलं तेव्हा एक नवल घडलं. त्यांना छोटे शब्द येईनात. गेट, पुट, टेक, फेच यांच्यापुढे ते अडखळायचे. पण मला जे शब्द डोंगराएवढे वाटायचे ते त्यांना लांबूनच ओळखू यायचे. ‘डिफिकल्ट’? हे तर दिफिसिल. ‘नेसेसरी’? नेसेसारियु. ‘पेशन्स’, पासियेन्सिया. ‘अबंडंट’, ‘जेनरस’, ‘क्युरियस’, ‘ओबीडियंट’, सगळी त्यांच्या जुन्या शाळेतली मंडळी, फक्त कपडे बदलून आलेली. इंग्रजीने तिचे रोजचे शब्द आपल्या जर्मॅनिक घरातून आणले आणि मधले शब्द बरेचसे लॅटिनकडून, फ्रेंचच्या हाताने घेतले. पोर्तुगीज तर लॅटिनचीच लेक. त्यामुळे ज्या पायऱ्या मला उंच, त्या आजोबांना सपाट, आणि माझ्या सपाट त्यांना उंच. आम्ही दोघांनी मिळून ते पुस्तक वाचलं. छोटे शब्द माझे, मधले त्यांचे.

सकाळी आम्ही दोघं पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघत पायरीवर बसायचो. लांबून हॉर्न वाजायचा, मग वळणावर सायकल दिसायची. मागे वेताची पाटी, तिच्यावर निळं प्लास्टिक, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब. तो उंडे, म्हणजे गोल पाव, मोजून द्यायचा, माझ्यासाठी बांगडीसारखा एक पाव, काकण, वेगळं. त्या सकाळी माझ्या धड्यात ‘कम्पॅनियन’ शब्द होता आणि वहीत मी लिहिलं होतं, कम्पॅनियन म्हणजे सोबती. आजोबांनी तो दोनदा वाचला. मग गरम उंडा मोडून अर्धा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “कोंपान्येइरु. ‘कोंपान्य’मधला हा ‘पान’ बघ. पांव. ज्याच्याबरोबर पाव मोडून खायचा तो.” पुढे मोठे कोश बघितले तेव्हा त्यांचं म्हणणं खरं निघालं. लॅटिनमध्ये ‘कोम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. आपला पावही त्या पानिसचाच, पोर्तुगिजांनी आणलेला. ‘कंपनी’ त्यातूनच आली. धान्य ठेवायची ‘पँट्री’सुद्धा त्यातलीच.

वहीतला ‘सोबती’ मी केव्हाच विसरले असते. हाताला लागलेली ती ऊब मात्र विसरणं शक्य नाही.

तेव्हापासून मला हा नाद लागला. आपण पगार म्हणतो तो पोर्तुगीज ‘पागार’, म्हणजे पैसे देणं. त्याच्या मागे लॅटिन ‘पाकारे’, शांत करणं. सावकाराचं देणं फेडलं की तो शांत होतो. इंग्रजीतला ‘पे’ तिथूनच आला, आणि ‘पीस’ म्हणजे शांतता हीही त्याच कुळातली. आपली चावी पोर्तुगीज ‘शाव’, मूळ लॅटिन ‘क्लाविस’. गळ्याखालच्या हाडाला विज्ञानाच्या पुस्तकात ‘क्लॅव्हिकल’ म्हणतात, म्हणजे छोटी किल्ली. दहावीची मुलं हा शब्द घोकून घोकून रडकुंडीला येतात. त्यांना सांगितलं की ही तुमच्या घराची चावी आहे, की एका तासात तो कायमचा त्यांचा होतो. आमच्याकडे खिडकीला जनेल म्हणतात. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘यानुआ’, दार. दारांचा देव यानुस, आणि वर्षाचं दार उघडणारा महिना जानेवारी. पोर्तुगीज आभार मानताना ‘ओब्रिगादु’ म्हणतात. इंग्रजीत ‘ऑब्लाइज्ड’, म्हणजे उपकाराने बांधलेला. मराठीत आपण ‘ऋणी’ म्हणतो तेव्हा तीच गाठ वेगळ्या दोरीने मारतो.

आणि हे सगळं एका बाजूनेच चालतं असं नाही. इंग्रजीत ‘मंगूस’ आहे, तो आपल्या मुंगसावरून गेलेला. ‘मॉन्सून’ पोर्तुगीज ‘मोंसांव’वरून गेला आणि तो मूळ अरबी ‘मौसिम’. आपला मोसम आणि त्यांचा मॉन्सून एकाच घरचे.

सख्खी नाती तर याहून जुनी आहेत. गोव्यात १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारक, आला. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि इतकी शिकला की १६१६ साली रायतूरला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठीत, सुमारे ११ हजार ओव्यांचं. मी मुलांना याच्याबद्दल नेहमी सांगते. तुम्ही आज इंग्रजीसमोर जसे बसलाय तसाच एक इंग्रज इथेच गोव्यात मराठीसमोर बसला होता. त्यालाही क्रियापदं अडली असतील, त्यालाही कुणी पोर हसलं असेल. याच माणसाने १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात, इकडच्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, हे नोंदवून ठेवलं. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात हीच गोष्ट जगापुढे मांडली ती १७८६ साली, दोनशे वर्षांनी.

त्याची खूण आपल्याला कुठेही सापडते. दंत आणि डेंटल. नाम आणि नेम. युवन् आणि जुवेनाइल. मृत आणि मॉर्टल. द्वार आणि डोअर. मुलांच्या पुस्तकांवर पातळी छापलेली असते, ‘इंटरमीडिएट’. फार दिवस मला तो शब्द एखाद्या बंद दरवाजासारखा वाटायचा. एकदा फळ्यावर मोडून लिहिला तर ‘इंटर’ म्हणजे आपला अंतर, आतला, दोहोंमधला. आणि ‘मीडियस’ म्हणजे मध्य. अंतर आणि मध्य! आमच्या संस्कृतच्या तासाला बसणाऱ्या मुलाने तो फळ्यावरून मोबाइलमध्ये टिपून घेतला आणि घरी आईला दाखवला.

नात्यांनी फसवणूकही होते, तीही सांगायला हवी. पोर्तुगीज ‘पारेंतिश’ म्हणजे सगळे नातेवाईक, इंग्रजीतले ‘पेरेंट्स’ फक्त आईबाबा. आजोबांनी माझ्या शाळेच्या पत्रातला ‘पेरेंट्स’ बघून मामालाही मीटिंगला पाठवायचं ठरवलं होतं. मराठीकडून येताना वेगळे खड्डे लागतात. आपली ‘लाज’ फार मोठ्या पोटाची आहे. पाहुण्यांसमोर गाणं म्हणायची लाज, चोरी पकडली गेल्याची लाज, भर रस्त्यात चप्पल तुटल्याची लाज, सगळं एकाच शब्दात मावतं. इंग्रजीत पहिली ‘शाय’, दुसरी ‘अशेम्ड’, तिसरी ‘एम्बॅरस्ड’. मुलं वहीत तिन्हींसमोर ‘लाज’ लिहितात आणि मग परीक्षेत, गुण कमी पडले म्हणून मी ‘शाय’ आहे, असं लिहून येतात. उलट ‘परवडणं’ आणि ‘अफोर्ड’ हे किती चपखल बसतात! वेळ परवडत नाही, राग परवडत नाही, हेसुद्धा जसंच्या तसं चालतं. कुठे एकाचे तीन होतात आणि कुठे एकास एक, हे शब्द-अर्थाच्या वहीत दिसत नाही. ती दोन रकान्यांची वही मला आवडत नाही, हे मी पालकसभेत स्पष्ट सांगते.

हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली होती, आणि ती पहिल्या काही तासांतच झपाट्याने निसटतात असं त्यांना आढळलं. आमच्या पोरांच्या वहीतले मधले शब्द हे असेच असतात, छापलेला अर्थ असून जिवंत अर्थ नसलेले. म्हणून मी मुलांकडून शब्दांचे पत्ते, म्हणजे छोटी कार्डं, करून घेते. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली पाच कप्प्यांच्या पेटीची युक्ती सांगितली. मी त्यासाठी बिस्किटांचे पाच रिकामे पत्र्याचे डबे ठेवलेत. नवा शब्द पहिल्या डब्यात, तो रोज उघडायचा. आठवला तर पत्ता दुसऱ्यात, तो एक दिवसाआड. तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. कुठेही अडला की थेट पहिल्या डब्यात परत. फक्त पत्त्याच्या मागे अर्थ लिहायचा नाही, ही माझी अट. मागे स्वतःच्या घरातलं एक वाक्य लिहायचं, खरं घडलेलं. खोटं वाक्य चालत नाही. ‘द किंग वॉज ब्रेव्ह’ मी परत करते. तुमच्या घरात राजा आहे का?

मला माझा ‘रिलक्टंट’ नववीत भेटला. धड्यात एक मुलगा पोहायला रिलक्टंट होता. बाईंनी अर्थ दिला, नाखूश. तो मला पटेना. नाखूश माणसाला नको असतं. या मुलाला तर पोहायचं होतं. घरी आजोबांना विचारलं. त्यांनी शब्द सुटा केला, ‘रे’ बाजूला काढला. “लुतार म्हणजे झुंजणं. हा आतल्या आत झुंजतोय बघ.” मी तिथेच बसून राहिले. मग त्यांना चार वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं, वक्तृत्व, बाई, ‘आय डोन्ट लाइक’, नावावरची रेघ, बाबांचं गप्प राहणं. तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. आजोबा सुपारी कातरत होते, अडकित्ता थांबला. “म्हणजे तुला तेव्हा हा शब्द पाहिजे होता,” इतकंच म्हणाले, आणि कातरलेली सुपारी डब्यात भरू लागले.

‘रिलक्टंट’ मी दर वर्षी मुद्दाम शिकवते. २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये खाणी थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, सगळीकडे खनिजाचे ट्रक अंगणांत, रस्त्याकडेला उभे राहिले. २०१२ची पहिली बंदी लोकांनी कशीबशी काढली होती. या वेळी घराघरात हप्त्यांचा विषय होता. खाण हवी की नको यावर आमच्याकडे घराघरांत दोन मतं आहेत, पण शिकवणीला येणारी पोरं त्या ट्रकांशेजारूनच येत होती. त्यातली एक नववीतली मुलगी, मराठी शाळेतून आलेली. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची, वाचायला सांगितलं की आवाज ओठांतच राहायचा. तिच्या पत्त्यांवरची वाक्यं तीन-चार शब्दांची. ऑगस्टमध्ये तिच्याकडे ‘रिलक्टंट’चा पत्ता गेला. दुसऱ्या दिवशी तिने तो उलटा करून माझ्यासमोर ठेवला. पेन्सिलने लिहिलं होतं, एकदा खोडून पुन्हा: ‘माय फादर इज रिलक्टंट टू सेल द ट्रक.’

मी तो वाचला. लाल पेन हातात होतं, ते खाली ठेवलं.

“स्पेलिंग चुकलंय, मॅडम?”

“नाही. मोठ्याने वाच.”

तिने वाचलं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

मी विचारलं, “मग विकला?”

“नाही. अजून अंगणातच आहे. बॅटरी तेवढी काढून पप्पांनी घरात आणून ठेवलीय.”